रोजच्या लिखाणाची पेन्सिल

लिहिणाऱ्या माणसाने आपल्या लेखणीविषयी बोलावे, अशी रीत आपल्याकडे फारशी नाही. सुतार आपल्या रंध्याविषयी अभिमानाने बोलतो. शिंपी आपल्या कात्रीला दुसऱ्याचा हात लागू देत नाही. घरची गृहिणी आपली विळी शेजारणीला देताना दोनदा विचार करते. लिहिणारा मात्र हाताशी येईल ते पेन उचलतो, हरवले की दुसरे आणतो आणि पहिल्याची आठवणही ठेवत नाही. याचा दोष त्याला एकट्याला देता येणार नाही. बाजारात मिळणारी बहुतेक पेने आज वापरून फेकण्यासाठीच घडवलेली असतात आणि फेकायच्या वस्तूवर कोणाचा जीव जडत नाही. तरीही ज्याला रोज दोन-चार पाने हाताने लिहायची आहेत, त्याने आपले साधन एकदा विचारपूर्वक निवडावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. माझ्यापुरते ते साधन म्हणजे खटक्याची शिसपेन्सिल. शाळेतली मुले तिला 'पेन-पेन्सिल' म्हणतात, तंत्रनिकेतनातले विद्यार्थी 'क्लच पेन्सिल' म्हणतात. वस्तू एकच.

धर्मगुरूच्या मेजावर पेन्सिलीचे काय काम, असे कोणी विचारील. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या शाईनेच लिहाव्या लागतात आणि तसेच योग्य आहे. शंभर वर्षांनी कोणाचा तरी पणतू दाखला मागायला येईल, तेव्हा त्या ओळीवरून कोणी रबर फिरवले असेल काय, ही शंका मनात येता कामा नये. पण या चार-पाच जाड वह्या बाजूला ठेवल्या, तर उरलेले सारे लिखाण बदलणारे असते. प्रवचनाचे टाचण शुक्रवारी एक असते आणि शनिवारी रात्री दुसरेच होते. आजाऱ्यांच्या भेटींची यादी आठवड्यातून तीनदा बदलते. सभेचा कच्चा वृत्तांत, पत्राचा पहिला खर्डा, वाचनात आलेल्या पुस्तकाच्या समासातली बारीकशी खूण, या साऱ्यांना पेन्सिलच शोभते.

आमच्या पिढीने आधी पाटीवर लिहिले, मग लाकडी पेन्सिलीने, आणि पाचवीत गेल्यावर शाईचे पेन हाती आले. पेन मिळाले म्हणजे मूल मोठे झाले, अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे बालपणाबरोबर पेन्सिलही मागे पडली. माझ्याकडे ती परत आली सेमिनरीच्या ग्रंथालयात. जुन्या ग्रंथांच्या कपाटाजवळ शाई न्यायची नाही, असा तेथे कडक नियम होता. टिपणे काढायची तर पेन्सिलीनेच. दोन वर्षे त्या नियमात राहिलो आणि पुढे नियम सुटला तरी सवय सुटली नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या धर्मग्रामातला एक मुलगा मला भेटायला आला. त्याला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला होता. वडील भिंती रंगवण्याचे काम करतात, आई दोन घरचा स्वयंपाक करते. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, पुस्तके असा खर्च एकदम अंगावर आलेला. तो म्हणाला, "फादर, तुम्ही रोज पेन्सिलीने लिहिता. कोणती घेऊ ते सांगा. एकदाच घ्यायची आहे." त्याच्या शेवटच्या वाक्याने मी थांबलो. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो चुकीची वस्तू घेऊन दुसरी घेऊ शकतो. ज्याला एकदाच घ्यायची आहे त्याला सांगताना नीट विचार करून सांगावे लागते. जो विचार मी त्या निमित्ताने केला, तो येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम शिशाविषयी. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे हा धातू नसतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे काळ्या, मऊ खनिजाचा मोठा साठा सापडला आणि लोकांनी त्याला शिशाचाच एक प्रकार मानले. तो कर्बाचा प्रकार आहे हे स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली दाखवून दिले आणि १७८९ साली व्हर्नर यांनी 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्याला 'ग्रॅफाइट' हे नाव दिले. तेव्हा मूल पेन्सिल चघळते म्हणून शिशाच्या विषबाधेची धास्ती घेणाऱ्या मातांनी त्या बाबतीत निश्चिंत असावे. चघळण्याची सवय मोडावी हे वेगळे. १७९५ च्या सुमारास फ्रान्समधील निकोला-जाक काँते यांनी ग्रॅफाइटच्या पुडीत चिकणमाती मिसळून ती भाजण्याची युक्ती काढली. माती जास्त तर शिसे कठीण आणि रेघ फिकट. माती कमी तर शिसे मऊ आणि रेघ काळी. आज पेन्सिलीवर आपण एच आणि बी ही जी अक्षरे पाहतो, ती याच कठीण-मऊपणाची खूण होय.

शिसे लाकडात न बसवता नळीत बसवून पुढे सरकवण्याची पेन्सिल इंग्लंडमध्ये १८२२ साली पेटंट झाली. सॅम्सन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स ही त्या दोघांची नावे. पण ती सामान्यांच्या हाती यायला विसावे शतक उजाडावे लागले. जपानमध्ये तोकुजी हायाकावा या तरुण कारागिराने १९१५ साली धातूची, टिकाऊ अशी पेन्सिल घडवली आणि ती पुढे 'शार्प' या नावाने गाजली. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो परिसरात जो महाभयंकर भूकंप झाला, त्यात हायाकावांचा कारखाना गेला, पत्नी गेली, दोन्ही मुलगे गेले. डोक्यावरच्या देण्यापायी पेन्सिलीचा धंदाही सोडून द्यावा लागला. ते ओसाकाला गेले आणि त्यांनी रेडिओ बनवण्यापासून पुन्हा सुरुवात केली. 'शार्प' या नावाची जी विजेच्या उपकरणांची कंपनी जगाला ठाऊक आहे, तिचे नाव त्या पेन्सिलीवरून आलेले आहे. दूरचित्रवाणी संचावरचे नाव मुळात पेन्सिलीच्या टोकाचे, ही गोष्ट मला नेहमीच नवलाची वाटते.

काँते यांच्या पद्धतीचे, मातीचे शिसे बारीक केले की मोडे. १९६० साली जपानच्या पेंटेल कंपनीने मातीऐवजी राळेसारखे द्रव्य वापरून बारीक पण चिवट शिसे तयार केले. आज आपण अर्ध्या मिलिमीटरचे शिसे निर्धास्तपणे वापरतो ते या सुधारणेमुळे. आपल्या महाराष्ट्रात दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीपासून जो उद्योग उभा केला, त्या कॅम्लिनने आपल्या अनेक पिढ्यांच्या दप्तरात रंग, कंपास आणि पेन्सिली पोहोचवल्या. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. अशा रीतीने जपान आणि गिरगाव हे पेन्सिलीच्या कथेत शेवटी एकत्र आले.

आता ही पेन्सिल टिकते कशी आणि बिघडते कशी, ते पाहू. तिच्या पोटात दोन किंवा तीन पाकळ्यांचा एक इवलासा चिमटा असतो. मागचे बटण दाबले की चिमटा शिसे धरून पुढे सरकतो, एका कड्यापर्यंत येतो, तेथे त्याच्या पाकळ्या उघडतात, आणि बटण सोडले की स्प्रिंग त्याला मागे ओढते. तेवढा क्षणभर शिशाला टोकाजवळच्या छोट्या रबराने धरून ठेवलेले असते. सारा खेळ त्या चिमट्याचा आहे. स्वस्त पेन्सिलीत तो प्लॅस्टिकचा असतो. वर्षभरात त्याच्या कडा झिजतात, शिसे घसरू लागते आणि लिहिताना टोक आत जाते. चांगल्या पेन्सिलीत तो पितळेचा असतो आणि वर्षानुवर्षे झिजत नाही. म्हणून दुकानात पेन्सिल हाती घेतली की बाहेरचा रंग पाहण्याआधी टोकाची टोपी फिरवून उघडावी आणि आत पिवळा धातू दिसतो का ते पाहावे. दुकानदार थोडा चकित होईल, पण नाही म्हणणार नाही.

दुसरी जपण्याची जागा म्हणजे टोकाची नळी. नकाशे काढण्याच्या पेन्सिलींना सुमारे ४ मिलिमीटर लांबीची बारीक, सरळ नळी असते, ती पट्टीला लागून नेमकी चालावी म्हणून. पण अशी पेन्सिल फरशीवर टोकावर पडली की नळी वाकते आणि वाकलेल्या नळीतून शिसे जात नाही. तिचे टोक सदऱ्याच्या खिशालाही भोक पाडते. ज्याला केवळ लिहायचे आहे त्याने आखूड, शंकूसारख्या टोकाची किंवा नळी आत घेता येणारी पेन्सिल पाहावी. माझ्या झग्याच्या खिशाचा अनुभव हेच सांगतो.

तिसरी गोष्ट शिशाच्या जाडीची, आणि येथे आपल्या लिपीचा विचार करावा लागतो. इंग्रजी जोडून लिहिणारा शब्द संपेपर्यंत हात उचलत नाही. जुनी मोडी लिपीही बोरूने हात न उचलता लिहीत आणि तिची शिरोरेषा आधीच कागदभर ओढून ठेवीत. देवनागरीचे तसे नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, शेवटी शिरोरेषा, असा हात सतत वर-खाली होतो. 'ष्ट्य' किंवा 'द्ध्य' यांसारखे जोडाक्षर लहान अक्षरात लिहायचे तर जाड शिशाने त्याचा गोळा होतो. उलट शिरोरेषा आडवी, एका दमात ओढताना फार बारीक शिसे कटकन तुटते. ०.३ मिलिमीटरचे शिसे आपल्या लिपीला नाजूक पडते, ०.९ चे बोजड. समासात टिपणे करणाऱ्याने ०.५ घ्यावे; पानेच्या पाने भराभर लिहिणाऱ्याने, किंवा ज्याचा हात जड आहे त्याने ०.७ घ्यावे. शिसे एचबी किंवा बी. एचच्या बाजूचे शिसे कागद ओरखडते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात पन्नाशीच्या डोळ्यांना दिसत नाही.

याच संदर्भात एक नवी युक्ती सांगण्याजोगी आहे. लिहिताना शिशाची एकच बाजू झिजते आणि रेघ हळूहळू जाड होते. मित्सुबिशी पेन्सिल या जपानी कंपनीने २००८ साली 'कुरु तोगा' नावाची पेन्सिल काढली. तिच्यात दातेरी चाके असून टोक कागदावर टेकून उचलले की प्रत्येक वेळी शिसे ९ अंशांनी फिरते. चाळीस वेळा उचलले की एक फेरा पूर्ण होतो. जोडून इंग्रजी लिहिणाऱ्याला तिचा लाभ थोडा, कारण तो हात उचलतच नाही. देवनागरी लिहिणाऱ्याला मात्र ती जणू त्याच्यासाठीच केलेली वाटावी. तोल एवढाच की आत जितकी चाके अधिक, तितके बिघडण्याजोगे भागही अधिक.

नागपूरचा उन्हाळा हाही निवडीचा एक भाग आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पंख्याखाली उघड्या ठेवलेल्या शाईच्या पेनाचे टोक दोन मिनिटांत कोरडे पडते. ग्रॅफाइटला उन्हाचे काही वाटत नाही. प्लॅस्टिकला मात्र वाटते. पांढरे रबर प्लॅस्टिकच्या पेन्सिलीला टेकून दुचाकीच्या डिकीत आठवडाभर राहिले, तर दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना पेन्सिलीवर खळगा राहतो. रबर त्याच्या कागदी वेष्टनातच ठेवावे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: पेन्सिल कितीही उत्तम असली तरी तिचे शिसे सीताबर्डीच्या किंवा महालातल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळाले पाहिजे. ०.५ आणि ०.७ ची डबी कोठेही मिळते. बाकीच्यांसाठी हिंडावे लागते.

आता किमतीचा प्रश्न, जो माझ्यासारख्याला टाळता येत नाही. दहा-वीस रुपयांपासून हजाराच्या पुढेपर्यंत या पेन्सिली मिळतात. जर्मनीच्या रोट्रिंगची पितळी अंगाची, षट्कोनी पेन्सिल हाती घेतली की तिचा भारदस्तपणा मनाला भुरळ घालतो. पण साधेपणाने राहण्याचे वचन दिलेल्या माणसाने पेन्सिलीवर हजार रुपये खर्चावेत काय? अमेरिकेत १९६५ साली अंतराळसंस्थेने ह्यूस्टनच्या एका कारखान्याकडून ३४ पेन्सिली प्रत्येकी सुमारे १२९ डॉलर देऊन घेतल्या, तेव्हा करदात्यांनी मोठी ओरड केली होती. अंतराळयानाला जी उधळपट्टी शोभली नाही, ती आमच्या मेजाला शोभणार नाही. दुसऱ्या बाजूने, दर चार महिन्यांनी वीस रुपयांची पेन्सिल कचऱ्यात टाकणे म्हणजे साधेपणा, असेही मला म्हणवत नाही. साधेपणाचा संबंध किमतीशी जितका आहे तितकाच वस्तू किती काळ सांभाळली याच्याशीही आहे. या दोन टोकांच्या मध्ये, हॉटेलातल्या दोन थाळ्यांच्या किमतीत, पितळी चिमट्याची आणि धातूच्या पकडीची पेन्सिल मिळते, आणि ती दहा वर्षे सहज चालते.

त्या मुलाला मी तेच सांगितले: पितळी चिमटा, सरळ नळी कारण तुला पट्टीला लावून रेघ काढायची आहे, ०.५ चे शिसे, आणि टोकाला टोपण. सर्वांत महागडी घेऊ नकोस, कारण तिला जपण्याच्या धास्तीत रेघ चुकेल. पोरगा वडिलांना काय सांगणार, याची मला थोडी चिंता होती. पण पुढच्या रविवारी मिस्सेनंतर वडीलच भेटले आणि म्हणाले, "फादर, स्वस्त ब्रशाचे केस भिंतीवर राहतात. मला समजावून सांगायची गरज नाही." मी इतका वेळ जो विचार केला तो त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला.

पेन्सिलीने लिहिलेले टिकत नाही, असा एक समज आहे. त्याविषयी थोडे सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, २३ तारखेच्या पहाटे, नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, माणसे दगावली. पाणी ओसरल्यावर आम्ही घरोघर गेलो. एका घरी गायनमंडळाची जुनी वही चिखलातून निघाली. गीतांचे शब्द शाईच्या पेनाने लिहिलेले होते; पानोपानी निळे ओघळ उरले होते. पण समासात, आता हयात नसलेल्या पेटीवादकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा जशाच्या तशा होत्या. 'काळी दोन', 'पांढरी चार', 'येथे थांबणे', 'बायकांनी एकदा, मग सर्वांनी'. शब्द कोणाला सांगावे लागले नाहीत. मंडळातल्या मावशींनी ते तोंडपाठ म्हटले आणि एका मुलीने नव्या वहीत उतरवून घेतले. सूर मात्र त्या पेन्सिलीच्या खुणांवरूनच पुन्हा लावता आले, कारण ते दुसऱ्या कोणीच लिहून ठेवले नव्हते.

ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, उन्हाने विटत नाही. त्याला भय घर्षणाचे आणि रबराचे. शाईला भय पाण्याचे. म्हणून ज्या नोंदीत कोणी फेरफार करू नये ती शाईने लिहावी, आणि जे स्वतःला पुन्हा पुन्हा सुधारायचे आहे ते पेन्सिलीने. ज्यांच्या नावाने नागपूरचे कॅथेड्रल सदरमध्ये उभे आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी ऐन तारुण्यात शाब्ले प्रांतात हाताने पत्रके लिहून ती लोकांच्या दाराखालून आत सरकवली. १९२३ साली, म्हणजे हायाकावांचा कारखाना गेला त्याच वर्षी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांच्या हाती पिसाची लेखणी होती. ती दर दोन ओळींनी शाईत बुडवावी लागे आणि वारंवार तासावी लागे. त्या मानाने आमचे काम केवढे सोपे झाले आहे.

पेन्सिल घेतल्यावर तिची निगा राखणे अवघड नाही. पोटात दोन-तीनच शिशे ठेवावीत. डबी रिकामी करून कोंबली की ती आपापसांत अडकतात. शेवटचा सेंटिमीटरभर तुकडा चिमट्याच्या पकडीत येत नाही, तो ओढत बसू नये, काढून टाकावा. खिशात ठेवण्यापूर्वी बटण दाबून शिसे आत घ्यावे. महिन्यातून एकदा टोकाची टोपी उघडून आतली काळी पूड फुंकून टाकावी. टोकाजवळचे रबर मात्र त्या फुंकरीबरोबर उडणार नाही याकडे लक्ष असावे, कारण ते हरवले की पेन्सिल निरुपयोगी होते. एवढे केले तर दहा शिशांची एक डबी दीड-दोन महिने पुरते आणि पेन्सिल मालकाच्या नंतरही कोणाच्या तरी उपयोगी पडते.